गाळाची पहिली टोपली

“बाई, शेतात चाटू घेऊन कोन येते?”

मुलाचे वडील माझ्याशी बोलले ते हे पहिले शब्द. मी त्यांच्या धानाच्या रिकाम्या बांधीत, म्हणजे खाचरात, उकिडवी बसले होते. पदर कमरेला खोचला होता आणि आईच्या चुलीजवळचा लाकडी चाटू घेऊन माती उकरत होते. माझे उरकुडामामा बांधावर उभे राहून, आपण या मुलीला ओळखतच नाही असा चेहरा करून टेकडीकडे पाहत होते.

“लोखंडी खुरपं चालत नाही, काकाजी,” मी म्हटलं. “मातीत कोणते धातू आहेत ते शोधायचं आणि आपणच तिच्यात लोखंड खुपसायचं, असं कसं करता येईल? लाकडाचं काही मिळेना, म्हणून चाटू आणला.”

“आन् तुयी आई आता भात कायनं वाढते?”

“पळीनं.”

त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा मुलगा हिवराज हसला. दसारामजी कापगते मात्र हसले नाहीत. भिवटोल्याच्या तलावाचा कारभार तीन पिढ्यांपासून त्यांच्या घरात होता आणि त्या घरातली माणसं उगाच हसत नसत.

आमच्याकडची रीत अशी, की आधी मुलाकडचे येऊन मुलगी पाहून जातात. मुलगी पसंत पडली की मग मुलीकडचे पुरुष मुलाचं घर आणि शेत पाहायला जातात. मुलगी त्या दिवशी घरात बसून नखं खाते. मी म्हटलं, मीही येते. आईने कपाळावर हात मारून घेतला. मी तालुक्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक होते, आणि गेल्या जागची माती पिशवीत भरून आणायची खोड मला जडली होती. मामा आईला म्हणाले, “पोरगी घर पाहाले चालली का जप्ती आनाले चालली, तेच मले समजून नाई रायलं.”

खरं सांगायचं तर खोडीपेक्षा भीती जास्त होती. भिवटोल्याच्या डोक्यावर मँगनीजची खाण होती. खाणीतून निघालेल्या निकामी दगडमातीचे ढीग टेकडीवर उघडे पडले होते, आणि त्यांच्यावर रुईचं रोपटंसुद्धा उगवलेलं नव्हतं. आमच्या टेंभुर्णे मॅडम नेहमी सांगायच्या की अशा ढिगांमधून शिसं, कॅडमियम असले धातू पावसाबरोबर खाली उतरतात आणि एखाद्याच्या शेतात जाऊन बसतात. त्या ढिगांच्या अगदी पायथ्याशी दसारामजींची एक बांधी होती. एसटीतून उतरल्या उतरल्या मी तीच गाठली.

“हे टाकाऊ बांधी हाये,” दसारामजी वैतागून म्हणाले. “निरा गोटे हायेत इथं. पोरीवाल्याले पोट्ट्याचा फाटका सदरा दाखवतेत का? चाल, तुले खरी जमीन दाखवतो.”

आणि त्यांनी मला जवळजवळ ओढतच तलावाच्या बाजूला नेलं. टेकडीपासून हे शेत चांगलं लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे धान निघाल्यावर पालक, कोथिंबीर आणि वांगी लावली होती. पालकाचं पान माझ्या तळहाताहून मोठं होतं. दसारामजी वाकले, स्वतःच्या हाताने मूठभर माती उचलून माझ्या ओंजळीत घातली, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

“दाबून पाय. हे माती नाई बाई, लोनी हाये. अक्षय तृतीयेले तलाव आटला रायते. त्या दिवशी आमी गाळ काढतो. नारळ फोडून पह्यली टोपली माया हातची. मंग वरचा लुसलुशीत थर माया बांधीत येते, आन् त्याच्याखालचा गाळ साऱ्या गावाच्या बंड्या भरून नेतेत. माया आज्यापासून हे असंच चालू हाये. आमचे पूर्वज तलाव बांधनारे. युरिया टाकनारे नाई.”

मी त्या मातीचीही पिशवी भरली. ते खूश झाले. मार्क मिळवायला मुलाला शाळेत पाठवावं तसं त्यांनी त्या पिशवीकडे पाहिलं.

परतताना पिशव्या हिवराजने उचलल्या. बापाचे कान टप्प्यात नाहीत याची खात्री करून त्याने विचारलं, “मातीचं समजलं. मानसाची चाचणी कशी करता?”

“माणसाला ओझं उचलायला देते,” मी म्हटलं.

त्यानंतर एसटी येईपर्यंत त्याने त्या पिशव्या एकदाही खाली ठेवल्या नाहीत. मामा दोनदा म्हणाले, “अरे ठेव ना गा, धुळीत धूळ मिसळली तं का होते?” तो नुसता मान हलवत राहिला. मला हिवराज आवडला. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. एसटीत बसल्यावर मी खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं आणि मामांनी माझी वेणी धरून मला आत ओढलं.

त्यांच्याकडूनही होकार आला. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला तो अक्षय तृतीयेचाच. सकाळी ते त्यांचा गाळ काढणार आणि संध्याकाळी आमच्या घरी कुंकू लावायला येणार.

आमच्या प्रयोगशाळेत जड धातू मोजायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे मॅडमनी पिशव्या नागपूरला पाठवल्या होत्या. निकाल आला तो नेमका अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्या कपाळावर आठी होती.

“ज्योत्स्ना, पिशव्यांची अदलाबदल केलीस का?”

“नाही मॅडम.”

“आठव नीट. खाणीच्या पायथ्याची माती चांगली निघाली आहे. आणि लांबच्या शेतात कॅडमियम इतकं आहे, की तिथली पालेभाजी मी माझ्या घरात येऊ देणार नाही. शिसंही आहे.”

मी शपथेवर सांगितलं की पिशव्या बरोबर आहेत. मॅडम थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “ढिगांवरचं पाणी सरळ त्या खालच्या बांधीत उतरतं का?”

मला ती जागा डोळ्यांसमोर दिसली. बांधीच्या वरच्या अंगाला दगडाचा उंचवटा होता. पाणी त्याला वळसा घालून नाल्यात जात होतं. “नाही. नाल्याला मिळतं.”

“आणि नाला?”

“तलावात.”

तलावातून पुढची वाट मला दसारामजींनीच सांगितली होती. ते धातू पाण्यातून वाहत येऊन तलावात स्थिरावत होते. बारीक गाळाला घट्ट चिकटून बसत होते. आणि दरवर्षी नारळ फोडून, वाजतगाजत, बैलबंड्या जुंपून ते शेतात नेले जात होते. शेतात पाणी उभं असतं तोवर ते निपचित पडून राहतात. पाणी उतरून जमीन वाळली आणि त्यातून माती आंबट असली, की ते मोकळे सुटतात आणि मुळांत शिरतात. दसारामजी पालक लावत होते तो पाणी उतरल्यावरच.

“एक-दोनदा खाल्लं म्हणून कोणाला काही होत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण वर्षानुवर्षं खाल्लं तर ते मूत्रपिंडात साठतं. लहान मुलांना तर शिसं फार वाईट. त्यांना सांगायला हवं. सावकाश सांग, दोन-चार दिवसांत.”

“मॅडम, उद्या सकाळी ते गाळ काढणार आहेत.”

घरी आई करंज्या तळत होती. मी सगळं सांगितलं तेव्हा तिने झारा कढईवर आडवा ठेवला आणि मला समोर बसवलं.

“हे पाय ज्योत्स्ना. जो मानूस ज्या मातीवर जीव टाकते, तिले तू नाव ठेवाले जाशील, तेबी साऱ्या गावापुढं, तेबी साक्षगंधाच्या दिवशी. तो म्हातारा तुले सून करंल का? लग्न लागू दे. घरची सून झाली का हळूच सांग. घरची गोष्ट घरात रायते.”

मामांचंही तेच मत पडलं. “एकडाव अक्षता पडू दे. मंग खुशाल साऱ्या गावात चाटू फिरव.”

त्यांचं चुकत नव्हतं. आधी दोन ठिकाणी ‘मुलगी फार बोलते’ म्हणून नकार आला होता, आणि दोन्ही वेळा मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. या वेळी वाटणार होतं. मला हिवराज हवा होता. मी मागच्या अंगणात जाऊन रडले. चांगलं पोटभर रडले. पण रडता रडता हिशेब तोच येत होता. गाळ एकदा नांगराखाली गेला की चाळून परत काढता येत नाही. माझं लग्न लागेपर्यंत साऱ्या गावाच्या बांध्यांमध्ये तो मिसळून गेला असता, आणि मग मी घरची सून होऊन घरात हळूच काय सांगितलं असतं?

मी तोंड धुऊन आत आले. “उद्या पहिल्या एसटीने भिवटोल्याला जाते.”

आईने कढईतली करंजी उलटली आणि म्हणाली, “जायचंच हाये तं चांगलं लुगडं नेसून जा. भांडाले गेली तरी पोरगी चांगली दिसली पायजे.”

सकाळी मी आणि मामा पोहोचलो तेव्हा तलाव अडवणाऱ्या पाळीवर जत्रा भरल्यासारखं होतं. आटलेल्या तळात बंड्यांची रांग लागली होती. बैलांच्या शिंगांना तेल चोपडलेलं, बायकांच्या हातात लिंबूसरबताच्या कळश्या, एका बाजूला डफडं वाजत होतं. दसारामजी स्वच्छ धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे होते. साक्षगंधाच्या दिवशी नवरी मुलगी स्वतः नवऱ्याच्या गावात पाय ठेवते हे तिथे कोणी पाहिलेलं नव्हतं. डफडं थांबलं.

मी आधी हिवराजला गाठलं आणि भराभर सगळं सांगितलं. तो ऐकत असताना त्याचा रंग बदलत गेला.

“तूच सांग बाबांना,” तो म्हणाला. “मी सांगितलं तर म्हणतील, पोट्टा आतापासूनच बायकोचं ऐकाले लागला. पण मी बाजूला उभा राहतो.”

आणि तो खरंच येऊन माझ्या बाजूला उभा राहिला.

“काकाजी, गाळ काढू नका. म्हणजे शेतात टाकू नका. तुमच्या मातीचा निकाल आला आहे. तुमच्या बांधीत विष आहे. खाणीच्या पायथ्याची बांधी चांगली आहे, आणि ही तलावाकडची वाईट.”

मग दसारामजींचा आवाज इतका चढला की पाळीवरची कावळ्यांची रांग उडाली.

“गोट्यावाली बांधी चांगली आन् माया लोन्यात जहर? बाई, तुया चाटू बिघडला असंल!”

सगळे हसले. मामाही हसले, घाबरले की ते हसतात. मला राग आला. राग आला की मी घाबरायचं विसरते, हा माझा जुना फायदा.

“चाटू राहू द्या. गाळ कुठून निघतो ते सांगा.”

“तलावातून! अजून कुठून?”

“तलावात कुठून येतो?”

“नाल्यातून.”

“आणि नाला कुठून येतो?”

दसारामजींनी ताडकन हात वर केला आणि टेकडीकडे बोट दाखवलं. त्या बोटासमोर खाणीचे ढीग होते. हात तसाच हवेत राहिला.

हिवराजने कोणाला न विचारता फावडं उचललं आणि तलावाच्या तळात एक चर खणला. भिंत सरळ कापली. सगळे वाकून पाहायला लागले. खालचा गाळ काळाभोर होता, दह्यासारखा घट्ट. त्याच्यावर हातभर जाडीचा करडा थर होता आणि तो उन्हात चकाकत होता.

“हा चमकता थर कधीपासून येतो आहे?” मी विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, “जवापासून त्यायनं ढीग इकडच्या अंगाले टाकाले सुरुवात केली तवापासून. आमी मनत होतो, गाळाले चमक आली मंजे माती खुश झाली. भांडनं होत होती त्या चमकत्या गाळासाठी. मंग पंचायनं ठरवलं का वरचा थर दसारामजीच्या घरी, मानाचा. बाकीच्यायले खालचा.”

माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मला हसावं की रडावं ते कळेना. गावाने आपल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मान म्हणून दरवर्षी सगळं विष एकट्याला दिलं होतं, आणि त्याने ते मिरवत नेलं होतं.

दसारामजी पाळीच्या दगडावर बसले. नारळ मांडीवर घेतला. त्यांच्या मागे त्यांची बायको, भागरताबाई, मोठी टोपली घेऊन उभी होती.

“आन् हे?” तिने विचारलं. टोपलीत पालकाच्या जुड्या रचलेल्या होत्या. “तुमच्याच घरी न्याले तोडला होता. संध्याकाळच्या जेवनाले.”

“नको, काकू.”

“बैलायले टाकू?”

“बैलांनाही नको.”

“अगं माय,” ती म्हणाली आणि टोपली दगडावर अशी ठेवली की जणू तिच्यात साप होता. मग एकदम मोठ्याने म्हणाली, “तरी मी मनत होती, याच्या पालकाचं पान येवढं मोठं कायले होते! मानसाचा तोल पायजे तसा पानाचाबी पायजे ना!” पानाच्या आकाराचा आणि विषाचा काही संबंध नव्हता, पण मी ते त्या वेळी समजावत बसले नाही.

दसारामजींनी मान वर न करता विचारलं, “माती मेली का?”

त्या आवाजाने माझा सगळा राग गेला. त्यांच्या शेजारी मी खाली बसले.

“नाही काकाजी. मेलेली नाही. पालेभाजी लावू नका तिथे, झेंडू लावा, खायचं नाही असं काहीही लावा. धान लावलं तर लोंब्या भरेपर्यंत बांधीतलं पाणी सोडू नका. पाणी उभं असलं की ते धातू बांधलेले राहतात. आणि माती आंबट आहे, तिला चुना द्या. चुन्यानेही ते सुटत नाहीत.”

“चुना?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “शेताले चुना देऊ? मंग संगं सुपारी आन् तंबाखूबी घोटून देतो! गावचे पोट्टे खर्रा खातेतच, आता बांधीबी खाईन!”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कोणी. दसारामजींच्या मिशाही हलल्या, पण लगेच थांबल्या. रांगेतून एकाने ओरडून विचारलं, “मंग बंड्या वापस न्यायच्या का, दसारामजी?”

ते उठले. धोतर झटकलं आणि दगडावर नारळ फोडला. मग टोपली घेतली, तळात उतरले, फावड्याने तो चमकता गाळ टोपलीत भरला आणि आपल्या बंडीत ओतला. पहिली टोपली. रीतीप्रमाणे डफडं वाजायला लागलं.

ऐकलं नाही यांनी. सगळं ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. मामा माझा दंड धरून म्हणाले, “चाल बाई. एसटी चुकंल.” मी हिवराजकडे पाहिलं. त्याचंही तोंड उतरलं होतं.

“पायता का?” दसारामजी बंडीवाल्यांवर ओरडले. “भरा! गाळ तं काढाच लागते. तलाव खोल नाई केला तं पावसाचं पानी कुठी थांबंल? फक्त वरचा भरा. चमकते तेवढाच. काळ्याले हात लावू नोका.”

“आन् टाकाचा कुठी?”

दसारामजींनी बैलांच्या कासऱ्याला झटका दिला. बंडी वळली. गावाकडे नाही, शेतांकडेही नाही. तिचं तोंड टेकडीकडे झालं.

“ज्याचा हाये त्याच्या घरी.”

असा गलका उठला की डफडं ऐकू येईना. फावडी चालायला लागली. ज्या चमकत्या गाळासाठी इतकी वर्षं भांडणं झाली तो लोक हसत हसत ओरबाडून काढत होते. मीही पदर खोचला आणि टोपल्या भरायला लागले, ते नेसलेलं चांगलं लुगडं विसरून. घाम पुसत होते, हात कशाने भरलेत ते न बघता. मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. हिवराज भरलेली टोपली माझ्या हातातून घेई, बंडीत ओती आणि रिकामी परत देताना दरवेळी काहीतरी बोले. मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे मधेच कोणी विचारणार नाही. खाणीने एका दिवसात काही केलं नाही. चिठ्ठ्या झाल्या, साहेब लोक आले, पुन्हा आले. पण गाळाचा तो डोंगर खाणीच्या फाटकासमोर पडल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या गाड्या आत जाईनात, आणि माणसाची स्वतःची गाडी अडली की त्याला विषय लवकर समजतो. पुढच्या पावसाच्या आत ढिगांना इकडच्या अंगाने भिंत घातली गेली आणि नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवायची दोन टाकी झाली. बांधीला चुना दिला. दसारामजींनी तो स्वतः शिंपडला, आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की शेताला लत लागली आहे. तिथल्या झेंडूला भंडाऱ्याच्या बाजारात मागणी असते. धान मात्र आम्ही निकाल नीट आल्याशिवाय घरात घेत नाही. आणि टेकाडाखालच्या त्या गोट्यावाल्या बांधीत भागरताबाईंनी गोटे वेचून पालक लावला, पान लहान येतं, पण त्या आता त्याचीच स्तुती करतात.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी भरलेल्या बंड्या एकामागे एक टेकडी चढत होत्या, डफडं पुढे, बायका मागे. चढावर मी दमले तेव्हा भागरताबाईंनी मला हाताला धरून पहिल्या बंडीवर चढवलं. मी गाळावर बसले. दसारामजी पुढे बसून बैल हाकत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं, पण मी नाही पटले. साऱ्या गावापुढे ज्या मुलीने माझ्या मातीला विष म्हटलं तिला उंबऱ्याच्या आत कोण घेईल? गाव वाचलं होतं. मी स्वतःला समजावलं की हेही पुष्कळ झालं. समजूत काही पटत नव्हती, हे कबूल करते.

खाणीच्या फाटकापाशी बंडी थांबली. दसारामजींनी खुंटी काढली, बंडी मागे कलती केली, मी उडी मारली आणि चमकता गाळ धाडकन फाटकासमोर पडला. चौकीदार धावत आला.

“अरे अरे! हे का आनलं?”

“तुमचा माल,” दसारामजी शांतपणे म्हणाले. “आमच्या इथं चुकून येत होता.”

“आमचा? आमचा कायवरून? तलावातला गाळ तुमचा नाई तं कोनाचा? कोन मनते आमचा हाये मनून?”

दसारामजी बाजूला सरले. आणि मागे वळून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे मनते. हे माई सून हाये.”

साक्षगंध संध्याकाळी होतं. कुंकू अजून लागायचं होतं. माझ्या कपाळावर होता तो नुसता गाळ.